‘इकेमासेन’ म्हटलं आणि साहेब गप्प झाले

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारी व्यक्ती जपानी भाषेच्या परीक्षेची एन-४ पातळी उत्तीर्ण, चाकणच्या एका कारखान्यात नोकरीला. जपानहून आलेले एक ज्येष्ठ इंजिनिअर मंजूर झालेल्या ड्रॉइंगवर पेनने दुरुस्ती करू लागले. त्यांना थांबवायला ही व्यक्ती म्हणाली, ‘झुमेन ओ हेन्कोऽ शिते वा इकेमासेन’, म्हणजे ‘ड्रॉइंग बदलू नका’. इंजिनिअरांनी पेन खाली ठेवलं, ‘हाइ’ म्हणाले, आणि नंतर दिवसभर जेवढ्यास तेवढं बोलले. वाक्य व्याकरणात बसतं, शेवटी ‘मासेन’ आहे म्हणजे सभ्य रूपही आहे. मग बिघडलं कुठे? आणि ‘करू नका’ हे जपानीत समोरच्याला न दुखावता सांगायचं कसं?

(जपानी शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिते आहे. ‘ऽ’ दिसला की आधीचा स्वर लांबवायचा.)

तुमचं वाक्य बिनचूक होतं. पण ते बोलायला एक खुर्ची लागते, आणि ती त्या दिवशी तुमची नव्हती. ‘शिते वा इकेमासेन’ हे नियम सांगणाऱ्याचं वाक्य आहे. शिक्षिका मुलांना म्हणते, आई लेकराला म्हणते, वॉर्डन वसतिगृहातल्या मुलांना म्हणतो. शेवटच्या ‘मासेन’मध्ये सभ्यपणा आहे खरा, पण तो बाईंच्या आवाजातला सभ्यपणा. तीस वर्षं ड्रॉइंग काढण्यात घालवलेल्या माणसाला त्यातून ऐकू आलं ते असं: ‘असं करायचं नसतं हं.’ गप्प न होऊन सांगतो कोणाला!

या वाक्याची फोड मराठी माणसाने एकदा करून बघावी, फार मजेशीर आहे. ‘शिते’ म्हणजे ‘करून’. ‘इकेनाइ’ म्हणजे मुळात ‘जाऊ शकत नाही’, पुढे सरकत नाही. दोन्ही जोडा: ‘असं करून चालत नाही.’ शब्दाला शब्द मराठीच! परवानगीचंही तसंच. ‘ताबेते मो इइ देस का’ हे पाठ्यपुस्तकात ‘खाऊ शकतो का?’ म्हणून शिकवतात. पण ‘ताबेते मो’ म्हणजे ‘खाल्लं तरी’ आणि ‘इइ’ म्हणजे ‘बरं, ठीक’, म्हणजे सरळ ‘खाल्लं तरी चालेल का?’ आणि ‘शिनाकुते मो इइ’ म्हणजे ‘नाही केलं तरी चालेल’. माझे विद्यार्थी ही रूपं इंग्रजीच्या वाटेने पाठ करतात आणि घोळ घालतात. मराठीच्या वाटेने गेले तर पाठ करण्यासारखं फारसं उरतच नाही.

तर ‘चालत नाही’. आता हे मराठीत कोण कोणाला म्हणतं ते आठवा. ‘इथे चप्पल घालून चालत नाही’ हे पाहुण्याला सांगताना आपण नियमाकडे बोट दाखवतो, स्वतःकडे नाही. तिथे ते खटकत नाही. जपानीतही ‘शिते वा इकेमासेन’ माहिती म्हणून आलं तर निरुपद्रवी असतं. उदाहरणार्थ, ‘निहोन दे वा हाताचि मादे ओसाके ओ नोन्दे वा इकेमासेन’, जपानमध्ये विसाव्या वर्षापर्यंत दारू पिऊन चालत नाही. (2022 च्या एप्रिलपासून तिथे सज्ञान होण्याचं वय 20 वरून 18 वर आलं, दारू-सिगारेटचं मात्र 20 च राहिलं.) हे वाक्य कोणीही कोणालाही सांगावं. तेच समोरच्याच्या हातातल्या पेनाकडे बघत म्हटलं की ताकीद होते.

घरात बोलताना हेच रूप आखडतं: ‘शिच्या इकेनाइ’, आणि त्याहून जास्त ऐकू येतं ते ‘शिच्या दामे’. ‘दामे’ हा शब्द गो नावाच्या पटावरच्या खेळातून आला. तिथे ‘दामे’ म्हणजे दोन्ही पक्षांना काहीच मिळवून न देणारी जागा, फुकट घर. तिथून ‘निरुपयोगी’ आणि मग ‘अजिबात नाही’. ओसाकाकडे ‘दामे’ऐवजी ‘आकान’ म्हणतात. तिथल्या पोलिसांची रेल्वेतल्या विनयभंगाविरुद्धची पोस्टर्स प्रसिद्ध आहेत: ‘चिकान, आकान’. यमक इतकं पक्कं की एकदा वाचलं की डोक्यातून जात नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग ‘शिनाइदे कुदासाइ’ म्हणायला हवं होतं. बहुतेक वर्गांत ‘करू नका’चा नम्र पर्याय म्हणून हेच शिकवतात. पण ‘कुदासाइ’ म्हणजे ‘कृपया’ ही समजूत अर्धीच खरी आहे. ‘कुदासाइ’ हे मुळात ‘द्या’ या अर्थाच्या आदरार्थी क्रियापदाचं आज्ञार्थी रूप आहे. आदर आहे, पण आज्ञाही आहे. समोरच्याला ‘नाही’ म्हणायला जागा ठेवलेली नाही. म्हणून डॉक्टर रुग्णाला सांगतो, ‘क्योऽ वा ओफुरो नि हाइरानाइदे कुदासाइ’, आज आंघोळीच्या टबात उतरू नका. डॉक्टरला तो अधिकार आहे, आणि फायदा रुग्णाचा आहे.

फायदा कोणाचा, यावर सगळं ठरतं. हेच ‘नाइदे कुदासाइ’ समोरच्याच्या भल्यासाठी वापरलं की गोड होतं. ‘शिन्पाइ शिनाइदे कुदासाइ’, काळजी करू नका. ‘मुरि शिनाइदे कुदासाइ’, जिवाला फार ताण देऊ नका. ही वाक्यं तुम्ही तुमच्या जपानी साहेबांनाही बिनधास्त म्हणा, आणखी आदर हवा तर ‘गोमुरि नासारानाइदे कुदासाइ’ म्हणा. पण ‘माझं ड्रॉइंग बदलू नका’ यात फायदा तुमचा, अडचण त्यांची. तिथे ‘हेन्कोऽ शिनाइदे कुदासाइ’ म्हटलं असतंत तरी पेन खाली गेलंच असतं, आणि संध्याकाळपर्यंतचं वातावरणही फार वेगळं नसतं.

एक चूक दर बॅचमध्ये होते म्हणून इथेच सांगून टाकते. ‘शिनाकुते कुदासाइ’ असं रूप नाही. ‘नाकुते’ कारण सांगायला वापरतात, विनंतीला नेहमी ‘नाइदे’.

मराठी माणसाची खास अशी आणखी एक चूक आहे, आणि तिचं मूळ आपल्या ‘नको’त आहे. आपला ‘नको’ दोन कामं करतो. ‘मला चहा नको’ आणि ‘तू जाऊ नको’. पंगतीत वाढणाऱ्याला आपण ‘नका नका, आणखी नका वाढू’ म्हणतो, त्यात प्रेम असतं, आणि वाढणारा ते ऐकत नाही हेही ठरलेलं. माझी एक विद्यार्थिनी जपानमध्ये एका कुटुंबाकडे राहायला होती. पहिल्याच रात्री आजी तिच्या वाटीत भात वाढायला लागल्या, तर हिने लाडात येऊन म्हटलं, ‘इरेनाइदे कुदासाइ!’ आजींचा हात हवेतच थांबला. तिला म्हणायचं होतं ‘नको हो आजी’, आजींना ऐकू आलं ‘घालू नका म्हटलं ना’. जपानीत ही दोन कामं दोन वेगळे शब्द करतात. काही नको असेल तर ‘मोऽ दाइज्योऽबु देस’ किंवा ‘केक्कोऽ देस’, पोट भरल्याचं सांगायला ‘ओनाका गा इप्पाइ देस’. कोणाच्या घरी गेल्यावर यजमान चहापाण्याच्या धावपळीला लागले तर ‘दोऽझो ओकामाइ नाकु’, म्हणजे ‘माझ्यासाठी काही करत बसू नका’. या ‘नाकु’च्या साच्यात तीनचार वाक्यं तयार मिळतात: ‘गोशिन्पाइ नाकु’ (काळजी नको), ‘ओकिझुकाइ नाकु’ (माझ्यासाठी त्रास नको), ‘गोएन्र्यो नाकु’ (संकोच नको). पाठ करून ठेवा, रोज लागतात.

आणि हो, ‘ना’. मराठीत ‘खा ना’ म्हणजे आग्रह. जपानीत ‘ताबेरु ना’ म्हणजे ‘खाऊ नको’, तेही खडसावून. उलट ‘ताबे ना’ म्हणजे ‘खा’, ‘ताबेनासाइ’चं आखूड रूप. एका ‘रु’ने सगळं फिरतं. क्रियापदाच्या मूळ रूपाला ‘ना’ लागला की निव्वळ मनाई: ‘सावारु ना’ (हात लावू नको), ‘हाइरु ना’ (आत येऊ नको), ‘उगोकु ना’ (हलू नको). हे तुम्ही बोलण्यात वापरण्याचा प्रसंग जवळजवळ येणार नाही. मित्राला धीर देताना पुरुष मंडळी ‘शिन्पाइ सुरु ना’ म्हणतात, मैदानावर ‘माकेरु ना!’ ओरडतात, हरू नकोस. पण वाचता यायलाच हवं, कारण जिवावर बेतण्यासारखं असतं तिथे जपानी भाषा सगळी नम्रता बाजूला ठेवते. क्लोरीनवाल्या ब्लीचच्या बाटलीवर मोठ्या अक्षरात असतं, ‘माझेरु ना, किकेन’: मिसळू नका, धोका. तिथे ‘कृपया’ला जागा नाही. दारू पिऊन गाडी चालवण्याविरुद्धची घोषणाही अशीच: ‘नोन्दारा नोरु ना, नोरु नारा नोमु ना’. प्यायलास तर बसू नकोस, बसणार असलास तर पिऊ नकोस.

नम्रतेने जीव जाऊ शकतो, हे जपानने अनुभवलं आहे. 2011 च्या मार्चमध्ये त्सुनामी आली तेव्हा इबाराकी प्रांतातल्या ओआराइ गावाने भोंग्यांवरून नेहमीच्या ‘हिनान शिते कुदासाइ’ (सुरक्षित जागी जा) याऐवजी ‘हिनान सेयो’ असं थेट हुकमी भाषेत सांगितलं, आणि पुढे त्यावर बरीच चर्चा झाली. 2024 च्या 1 जानेवारीला नोतो द्वीपकल्पात भूकंप झाला तेव्हा एनएचके या जपानच्या सार्वजनिक वाहिनीच्या निवेदिकेचा आवाज चढलेला होता: ‘इमा सुगु निगेरु कोतो!’ आत्ताच्या आत्ता पळा. एरवी जिथे लोण्यासारखी भाषा असते तिथे हे ऐकताना अंगावर काटा येतो.

हा जो शेवटचा ‘कोतो’ आहे ना, तो नकारालाही लागतो आणि मराठी माणसाला फार जवळचा आहे. ‘रोऽका ओ हाशिरानाइ कोतो’, शाळेच्या पाटीवर. याचं भाषांतर काय? ‘व्हरांड्यात पळू नये.’ बरोब्बर तेच. आपलं ‘नये’ जसं कोणालाच उद्देशून नसतं, नियम हवेत टांगलेला असतो, तसंच ‘नाइ कोतो’. हिंदीत किंवा इंग्रजीत ‘नये’ला असा नेमका जोड नाही, म्हणून तिथून आलेल्यांना हे रूप समजायला वेळ लागतो. आपल्याला लागू नये. जुन्या वळणाच्या पाट्यांवर ‘बेकाराझु’ दिसतं: ‘शिबाफु नि हाइरु बेकाराझु’, हिरवळीवर जाऊ नये. ते ओळखता आलं की पुरे. आजी नातवाला ‘मोठ्यांना असं बोलू नये बाळा’ म्हणते त्याला ‘सोन्ना कोतो ओ इउ मोनो दे वा नाइ’. आणि आई वैतागून ‘रडायचं नाही!’ म्हणते तसं जपानी आई फक्त ‘नाकानाइ!’ म्हणते. व्याकरणाने बघितलं तर ‘रडत नाही’ असं साधं विधान, पण सुरात हुकूम. ‘शिते वा नारानाइ’ हे कायद्याच्या आणि करारांच्या भाषेत भेटतं, तिथे ‘करता कामा नये’ चपखल बसतं. अनुवादाला बसलात तर हे जोड उपयोगी पडतील, बोलण्यात फारसे नाहीत.

आता मुद्द्याकडे. जपानीत मनाई जसजशी नम्र होत जाते तसतसा तिच्यातला ‘नाइ’ गायब होत जातो. हे मला कोणी वर्गात शिकवलं नाही. टोकियोत पहिल्यांदा गेले तेव्हा रोज लोकलने जाता-येता पाट्या वहीत उतरवून घ्यायचे, तेव्हा लक्षात आलं. फलाटावर घोषणा होते: ‘आबुनाइ देस कारा, किइरोइ सेन नो उचिगावा मादे ओसागारि कुदासाइ.’ धोका आहे, पिवळ्या रेषेच्या आतपर्यंत मागे सरा. ‘रेषेपुढे येऊ नका’ नाही, ‘मागे सरा’. दारं बंद होत असताना ‘काकेकोमि जोऽशा वा ओयामे कुदासाइ’, धावत चढणं थांबवा. डब्यात ‘त्सुऽवा वा ओहिकाए कुदासाइ’, फोनवर बोलणं आवरतं ठेवा. संग्रहालयात ‘सात्सुएइ वा गोएन्र्यो कुदासाइ’. एकाही वाक्यात नकाराचा ‘नाइ’ नाही (‘आबुनाइ’ म्हणजे ‘धोक्याचं’, त्यातला ‘नाइ’ नकाराचा नव्हे). क्रियापदं सगळी होकारी: मागे सरणं, थांबवणं, आवरणं, संकोच करणं.

शेवटच्या वाक्यावर जरा थांबते, कारण त्याच्यावरून फजिती होते. ‘एन्र्यो’ म्हणजे संकोच, भिडस्तपणा. कुणी ‘गोएन्र्यो नाकु’ म्हटलं तर ‘संकोच करू नका, घ्या’. हे विद्यार्थ्यांना आधी भेटतं. मग संग्रहालयात ‘सात्सुएइ वा गोएन्र्यो कुदासाइ’ दिसतं आणि ते वाचतात, ‘छायाचित्रण संकोचाने करावे’. म्हणजे एखादा फोटो हळूच काढायला हरकत नाही! माझ्यासोबतच्या एका गृहस्थांनी अगदी असाच, लाजत लाजत, फ्लॅश बंद करून फोटो काढला होता. रखवालदाराने हातमोजे घातलेले दोन हात पुढे धरून त्यांचा फुलीसारखा काट केला आणि वाकून नमस्कार केला. ती पाटी सांगते, ‘फोटो काढू नका’. पूर्ण, ठाम मनाई. पण सांगते अशी, की संकोच तुमचा, मोठेपणा तुमचा, आम्ही फक्त त्याची अपेक्षा करतो. मराठीत ‘छायाचित्रण टाळावे’ म्हटलं तर जवळ जातं, पण ‘टाळावे’त थोडी सूट वाटते. ‘गोएन्र्यो कुदासाइ’त सूट नाही.

‘ओकोतोवारि’ हा आणखी एक मासला. अर्थ ‘नकार’. दारावर ‘सेऽरुसु ओकोतोवारि’, म्हणजे विक्रेत्यांनी येऊ नये. क्योतोच्या गिओन भागातल्या जुन्या चहागृहांचा ‘इचिगेन-सान ओकोतोवारि’ हा रिवाज प्रसिद्ध आहे: ओळखीशिवाय पहिल्यांदा येणाऱ्या गिऱ्हाइकाला प्रवेश नाही. गंमत बघा, ज्याला दारातून परत पाठवायचं त्यालाही आदराचा ‘सान’ लावलाय. याच गिओनमध्ये पर्यटक गेइकोंच्या (क्योतोतल्या गेइशांच्या) मागे कॅमेरे घेऊन धावू लागले तेव्हा 2019 मध्ये रहिवाशांनी खासगी गल्ल्यांत पाट्या लावल्या, परवानगीशिवाय फोटो काढल्यास 10,000 येन. त्यातलं क्रियापद होतं ‘मोऽशिउकेमास’. हे नम्र, स्वतःकडे कमीपणा घेणारं क्रियापद आहे, ‘आम्ही स्वीकारू’ अशा थाटाचं. दंड ठोठावतानाही मान किंचित झुकलेली. वर मात्र ‘सात्सुएइ किन्शि’ असं ठणठणीत लिहिलेलं. ‘किन्शि’ म्हणजे बंदी, ‘गेन्किन’ म्हणजे सक्त मनाई. हे दोन शब्द कारखान्यात रोज दिसतात: ‘ताचिइरि किन्शि’ (प्रवेश बंद), ‘काकि गेन्किन’ (आग सक्त मना). भिंतीवर शोभतात, तोंडात शोभत नाहीत.

आणि सगळ्यात वरची पायरी म्हणजे सार्वजनिक शौचालयातली पाटी: ‘इत्सुमो किरेइ नि ओत्सुकाइ इतादाकि, आरिगातोऽ गोझाइमास.’ नेहमी स्वच्छ वापर केल्याबद्दल आभारी आहोत. मी आत पाऊल टाकायच्या आधीच माझे आभार मानून मोकळे! यात मनाई कुठेच नाही, विनंतीही नाही, तरी माणूस घाण करायला धजावत नाही. आमच्या पुण्यात हीच मनाई ‘आपले घरही असेच आहे काय?’ अशा थाटाने लिहितात, आणि तिचाही परिणाम होतो, पण तो वेगळ्या अवयवावर. मला दोन्ही पाट्या आवडतात. जपानी माणसाला पुणेरी पाटी समजावून सांगायला मात्र जड जातं.

नकार लपवण्याची ही सवय कधीकधी आपल्यालाच खड्ड्यात घालते. दुभाषी म्हणून सुरुवातीच्या काळात एका बैठकीत मी होते. इकडच्यांनी सुटे भाग महिनाभर आधी मागितले. जपानी बाजूने उत्तर आलं, ‘मोऽशिवाके गोझाइमासेन गा, ताइओऽ इताशिकानेमास.’ मी ‘इताशि…मास’ पकडलं आणि सांगितलं, ‘दिलगिरी व्यक्त करतायत, पण करतील.’ टाळ्या वाजल्या. जपानी मंडळी एकमेकांकडे बघायला लागली. ‘कानेमास’ म्हणजे ‘करणं अवघड जातं’, म्हणजेच ‘होणार नाही’. शेवट होकारी, अर्थ नकारी. उलट ‘शिकानेनाइ’ म्हणजे ‘करायलाही कमी करणार नाही’. त्या दिवशी जेवण घशाखाली उतरलं नाही. तेव्हापासून वाक्यातलं ‘गा’ ऐकलं की मी कान टवकारते. ‘मोऽशिवाके गोझाइमासेन गा’ नंतर चांगली बातमी येत नाही.

तुमच्यासारख्या माणसाला प्रत्यक्षात कोणती रूपं लागतील? बरोबरीच्या सहकाऱ्याला ‘शिनाइदे मोराएमास का’ किंवा अधिक आदराने ‘शिनाइदे इतादाकेमास का’ म्हणता येतं. ‘न करण्याचं माझ्या पदरात टाकाल का’ असा मूळ भाव, शेवटी प्रश्न, म्हणजे समोरच्याला जागा. पुस्तकांत ही नम्र विनंती म्हणून दिलेली असते. माझं मत विचाराल तर सावध राहा. अनोळखी माणसाने गेटसमोर गाडी लावली आणि तुम्ही ‘कोको नि तोमेनाइदे इतादाकेमास का’ म्हणालात, तर शब्द नम्र आणि चेहऱ्यावर आठी असं काहीसं होतं. माणूस वैतागला आहे, हे कळतं. ‘मोराएमास का’त तर जास्तच कळतं. वैताग दाखवायचाच असेल तर हे उत्तम हत्यार आहे.

‘शिनाइ योऽ नि शिते कुदासाइ’ जरा मवाळ, कारण त्यात ‘होणार नाही असं बघा’ आहे. एकदाच्या कृतीपेक्षा रोजच्या सवयीला हे शोभतं. ‘ओकुरेनाइ योऽ नि’, उशीर होणार नाही असं बघा. ‘वासुरेनाइ योऽ नि’, विसरायला होणार नाही असं बघा. तुमच्या हाताखालच्या नव्या मुलांना हे वापरा. ईमेलमध्ये याचाच औपचारिक अवतार ‘शिनाइ योऽ ओनेगाइ इताशिमास’.

शेजाऱ्याकडून रात्री आवाज येतो, काय म्हणाल? ‘आवाज करू नका’चं कुठलंच रूप नाही. ‘सुमिमासेन, योरु, ओतो गा च्योत्तो हिबिकु मिताइ दे…’ आणि तिथेच वाक्य सोडून द्यायचं. रात्री आवाज जरा घुमतो बहुतेक, त्यामुळे… पुढचं शेजारी पूर्ण करतो. आपल्याला वाक्य अर्धं सोडणं उद्धट वाटतं, जपानीत ते पूर्ण करणं उद्धट वाटू शकतं. ‘च्योत्तो’ म्हणजे ‘जरा’, पण कुणी ‘इथे सिगारेट ओढली तर चालेल का’ विचारलं आणि तुम्ही ‘सुमिमासेन, कोको वा च्योत्तो…’ म्हणून मान किंचित कलती केलीत, तर ते स्पष्ट ‘नाही’ आहे. ‘इइए, इकेमासेन’ हे उत्तर फक्त व्याकरणाच्या पेपरात लिहायचं.

तर तुमचं ड्रॉइंग. मी असते तर असं म्हटलं असतं: ‘ओसोरे इरिमास गा, कोनो झुमेन वा मोऽ शोऽनिन झुमि देस नोदे, कोनो मामा दे ओनेगाइ देकिमास देश्योऽ का.’ माफ करा, हे ड्रॉइंग आधीच मंजूर झालंय, तेव्हा आहे तसंच राहू देता येईल का? ‘बदलू नका’ गेलं, त्याच्या जागी ‘कोनो मामा’ आलं, आहे तसं. कारण आधी सांगितलं, त्यामुळे अडवणारे तुम्ही राहिला नाहीत, मंजुरी अडवते आहे. आणि त्यांच्या दुरुस्तीत तथ्य असूही शकतं, तेव्हा पुढे जोडा, ‘ओकिझुकि नो तेन गा गोझाइमाशितारा, झेहि ओशिएते कुदासाइ’, काही लक्षात आलं असेल तर जरूर सांगा. पेन हातात धरून उभा असलेल्या ज्येष्ठ माणसाला बोलायला जागा मिळाली की तो पेन आपणहून खाली ठेवतो.

झाल्या प्रसंगाचं काय? पुढच्या वेळी भेटाल तेव्हा चहाच्या मशीनपाशी, कोणी आजूबाजूला नसताना, एवढंच म्हणा: ‘कोनो आइदा वा कित्सुइ इइकाता ओ शिते शिमात्ते, मोऽशिवाके आरिमासेन देशिता.’ त्या दिवशी मी फार कडक शब्दांत बोलले गेले, त्याबद्दल माफी असावी. बहुधा ते हात हलवत म्हणतील, ‘इए इए, कि नि शिनाइदे कुदासाइ.’ मनावर घेऊ नका. ते ‘नाइदे कुदासाइ’ नीट ऐका.